हँडल बदलायला अर्धा तास

"चार बोल्टांचं काम आहे, अर्ध्या तासात होतं." हे वाक्य माझंच. एका शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर पडवीत बसून मी ते छातीठोकपणे बोललो आणि तिघांनी ऐकलं, त्यामुळे आता नाकारायची सोय नाही. प्रत्यक्षात दोन रविवार गेले. मधला सबंध आठवडा गाडी खळ्यात ताडपत्रीखाली उभी होती आणि मी एसटीने कामाला जात होतो.

गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, २०१४ची, कार्बोरेटरवाली. तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरातून सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकाने मूळचं उंच, मागे वळलेलं हँडल काढून त्या जागी जवळजवळ सरळ दांडा बसवला होता. ड्रॅग बार म्हणतात त्याला. दिसायला झकास. गाडी बघायला गेलो तेव्हा मीही त्यावरच भाळलो होतो. रंकाळ्यावर संध्याकाळी एक चक्कर मारून घरी यायचं असेल तर असा दांडा ठीक आहे. मला मात्र आठवड्यातून पाच दिवस देवगडहून मालवणला जायचं असतं. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा करत पन्नासेक किलोमीटर, आणि तेवढेच परत.

आमचा किनाऱ्याचा रस्ता ज्याने चालवलाय त्याला सांगायला नको. सड्यावरून सुसाट निघावं तर लगेच उतार, उताराखाली खाडी, पूल, की पुन्हा चढ, आणि चढाच्या तोंडाशी वळण. प्रत्येक उतारावर ब्रेक लावला की अंगाचा सगळा भार तळहातांवर. आचऱ्याच्या अलीकडेच माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागायचं. मनगटाच्या त्या बाजूने जाणारी नस सतत दाबली गेली की असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं, आणि गोळ्या लिहायच्या आधी विचारलं, "गाडीचं हँडल कसं आहे?"

म्हणजे माझ्या बाजूने हा हौसेचा मामला नव्हता. पण काम मित्रांबरोबर करायचं म्हटलं की हौस कुठून ना कुठून आत शिरतेच.

मित्र म्हणजे कोण, तर पहिला मिस्त्री. देवगड बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचं खरं नाव त्याच्या आईखेरीज कोणी घेत नाही. दुसरे मास्तर, हायस्कुलात विज्ञान शिकवतात, आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणून त्यांना अहो-जाहो. तिसरा माझा भाचा, वय १९. तो मित्रांत मोडत नाही, पण त्याला वगळून गाडीच्या आसपास काही करणं शक्य नाही.

भाच्याच्या मनात एप हँगर होतं. हात खांद्याच्या वर धरून, झाडाला लोंबकळल्यासारखं चालवायचं ते हँडल. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. मिस्त्रीने तो लांब धरून बघितला आणि विचारलं, "तुका हँडल होया काय कपडे सुकत घालूक दांडी?"

मास्तरांनी कायदा काढला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाने करायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "म्हणजे मामाच्या गाडीवर आत्ता जो दांडा आहे, त्याचं काय?" भाच्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "म्हणूनच म्हणतोय, कंपनीच्या मूळ हँडलच्या जवळ जाऊया, त्याच्यापासून लांब नको." एप हँगरचा विषय तिथे मिटला. भाच्याचा चेहरा मात्र दोन दिवस मिटलेला होता.

माप

हँडल कसं हवं हे दुकानातल्या फोटोंवरून कळत नाही. उंची, रुंदी आणि टोकं मागे किती ओढलेली, ही तीन मापं असतात आणि तिन्ही आपल्या हातांवर ठरतात. मास्तरांनी युक्ती काढली. गाडी मधल्या स्टँडवर लावली, मला वर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "आता गाडी विसरा. खांदे सैल सोडा, कोपर थोडे वाकवा, हात पुढे करा." भाच्याने माझ्या मुठींत बागेतल्या पाण्याच्या लाइनचा उरलेला पाइप दिला. पाच वेळा असं केलं. पाचही वेळा मुठी जुन्या दांड्यापेक्षा साडेतीन ते चार इंच वर आणि दोन-अडीच इंच मागे आल्या. इतकी वर्षं मी माझ्या हातांना नको तिथे नेऊन बसवत होतो.

पहिलं हँडल ऑनलाइन मागवलं. चमकदार, डब्यातून काढल्यावर आईसुद्धा "बरा आसा" म्हणाली. क्लॅम्पमध्ये, म्हणजे गाडीवर हँडल धरणाऱ्या पकडीत, ठेवलं तर बसेचना. मिस्त्रीने खिशातून व्हर्नियर काढला (हा माणूस व्हर्नियर खिशात घेऊन फिरतो) आणि माप सांगितलं: २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच. हार्ले डेव्हिडसनसारख्या गाड्यांना तो व्यास चालतो. माझ्या गाडीचा क्लॅम्प २२ मिलिमीटरचा. विकणाऱ्याने 'सर्व बुलेटना चालेल' असं लिहिलं होतं. परत पाठवलं, पैसे आले, दहा दिवस गेले.

मग गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने स्वतःहून सांगितलं, मी बनवून देतो, जोड मारून, पॉलिश करून, अर्ध्या पैशात. पाइप बघितला तर गॅलरीच्या रेलिंगचा. मिस्त्री एरवी कोणाच्या पोटावर पाय देत नाही, पण तिथे त्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं. रेलिंगला आपण टेकतो, हँडलला लोंबकळतो. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा सगळा झटका वेल्डिंगच्या त्या जोडावर जातो, आणि जोड सुटला तर हातात काय राहतं ते सांगायला नको. हँडल एका अखंड पाइपाचं, वाकवलेलं असावं, ही एक गोष्ट मी कोणालाही डोळे मिटून सांगेन.

शेवटी कोल्हापुरातल्या एका कारागिराने मापाप्रमाणे वाकवून दिलं आणि फोंडा घाट उतरून ते एसटीच्या पार्सलने आलं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, मध्ये क्लॅम्पने पकडायच्या जागी बारीक खाचांची खरखरीत पट्टी. ही पट्टी मिस्त्रीने आधी अंगठ्याने चाचपली. ती नसेल तर गुळगुळीत दांडा क्लॅम्पमध्ये फिरतो, तोही नेमका खड्ड्यात.

स्टील की क्रोम, यावर एक संध्याकाळ गेली होती. लोखंडावर क्रोम चढवलेलं हँडल स्वस्त पडतं. पण आमच्याकडे दोन पावसाळे झाले की त्यावर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके येतात, आणि ठिपका दिसेपर्यंत क्रोमखाली गंज पसरलेला असतो. मी म्हटलं, मग स्टीलला काही बघायला नको. मिस्त्री हसला. खाऱ्या हवेत ३०४लाही चहा सांडल्यासारखे डाग पडतात. होडीवरचं चांगलं सामान ३१६चं असतं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मीठ जास्त सोसतं. मी म्हटलं, एवढे पैसे देऊन डाग? "बिल काय समुद्राक दाखवतलंस?" आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसायचं, एवढाच उपाय त्याने सांगितला.

पहिला रविवार

नोव्हेंबरातला रविवार. पाऊस संपून खळं नुकतंच सारवलेलं. आईने आधीच बजावलं होतं की तेलाचा एक थेंब जरी खळ्यात पडला तर दुपारचं जेवण विसरा. त्यामुळे खाली गोणपाट, त्यावर पुठ्ठे. टाकीवर जुनी गोधडी.

आठ वाजता बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. भाच्याने प्रत्येक केबलचे, प्रत्येक वळणाचे फोटो काढले. त्या दिवशी त्याने केलेलं हे सगळ्यात उपयोगी काम. आरसे निघाले. क्लच लिव्हर निघाली. इथे माझी पहिली शोभा झाली. क्लचची केबल आतून चिकट आणि पिवळट होती. मिस्त्रीने बोटाला लावून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षी केबल कडक लागत होती म्हणून मीच त्यात घरचं खोबरेल सोडलं होतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. देवगडात थंडी ती केवढी, पण डिसेंबरच्या पहाटे न्हाणीतली बाटली पांढरी होतेच की. त्या पहाटे क्लच का दगड व्हायचा आणि आचऱ्यापर्यंत गेल्यावर आपोआप का सैल व्हायचा, ते मला एका वर्षाने कळलं.

जुन्या ग्रीप काढायला सायकलचा स्पोक आणि साबणाचं पाणी लागलं. स्पोक रबराखाली सरकवून गोल फिरवायचा, पाणी आत सोडायचं, पिळून ओढायचं. कापून टाकल्या असत्या तर दोन मिनिटांत झालं असतं, पण त्या चांगल्या होत्या आणि आम्ही कोकणातले.

मग ब्रेकची वेळ आली. पुढचा ब्रेक डिस्कचा, म्हणजे उजव्या हाताशी तेलाची छोटी टाकी, मास्टर सिलेंडर. हे हँडलवरून सोडलं तरी पाइपला लटकतं. ते कायम उभं धरून ठेवायचं, उलटं होऊ द्यायचं नाही, लिव्हर दाबायची नाही. मिस्त्रीने हे भाच्याला दोनदा सांगितलं आणि टाकी त्याच्या हातात दिली. त्याच वेळी भाच्याचा फोन वाजला. पुढचं मी बघितलं नाही, फक्त मिस्त्रीचा आवाज ऐकला. टाकी आडवी झाली होती, तोल सावरताना लिव्हर दोनदा दाबली गेली होती, आणि झाकणाच्या कडेने दोन थेंब हेडलाइटच्या डूमवर उतरले होते.

ब्रेक ऑइल रंग खातं. पुसून भागत नाही, पुसताना ते पसरतं. लगेच भरपूर पाणी ओतायचं. आम्ही कळशीभर ओतलं. तरी शेंगदाण्याएवढा एक डाग राहिलाच. तो अजून आहे. भाचा गाडीच्या त्या बाजूला उभा राहायचं टाळतो.

नवीन हँडल क्लॅम्पमध्ये ठेवलं, वर टोप्या, चार बोल्ट. आळीपाळीने, थोडे थोडे, कर्णाच्या रेषेत, फट सगळीकडे सारखी राहील असे. हे खरंच पंधरा मिनिटांत झालं. मी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा, म्हटलं नव्हतं?" कोणी काही बोललं नाही.

कारण पुढे स्विच होते. स्विचच्या डबीच्या आत एक बारीक खुंटी असते. हँडलला तेवढं भोक असतं आणि खुंटी त्यात बसते, म्हणून हॉर्न दाबताना डबी गोल फिरत नाही. आमच्या नव्या हँडलला भोकं नव्हती. भाचा म्हणाला, खुंटी कापून टाकू, सगळे तेच करतात. करतात खरे. आणि मग वळणावर डिपर मारायला गेलं की डबी अंगठ्याबरोबर फिरते, आतल्या वायरी पिळल्या जातात आणि एके दिवशी पावसात हॉर्न आपोआप वाजायला लागतो. भोक पाडायचंच ठरलं. पण नेमकं कुठे? मास्तरांनी घरात आवाज दिला, "वहिनी, नेलपॉलिश आहे का?" बायकोने लाल बाटली आणून दिली आणि कशाला हवी तेही विचारलं नाही, इतकी ती आता आम्हाला सरावली आहे. खुंटीच्या टोकाला नेलपॉलिश लावलं, डबी हवी त्या कोनात हँडलवर टेकवली, दाबली, उचलली. बरोबर जागी लाल ठिपका.

गोल पाइपावर ड्रिल घसरतं म्हणून आधी पंच मारून खळगा केला. भाच्याने ड्रिल घेतलं आणि पूर्ण वेगात सोडलं. चिरका आवाज, थोडा धूर, आणि भोक काही पडेना. बिट मात्र निळं पडून बोथट झालं. स्टेनलेस स्टीलचं हे वैशिष्ट्य आहे म्हणे: त्यावर नुसतं घासत राहिलं की ते मऊ व्हायच्या ऐवजी जागच्या जागी आणखी कडक होतं. मिस्त्रीने नवीन बिट लावलं, तेलाचा थेंब सोडला, ड्रिल अगदी हळू फिरवलं आणि अंगाचा भार देऊन दाबलं. कुरळ्या कुरळ्या चकत्या निघायला लागल्या, किसणीवरून नारळ निघावा तशा. "घाय कित्याक? स्टील खय पळान जाता?" दुसरं भोक भाच्याकडूनच पाडून घेतलं. भोकाची आतली धार कानशीने मारली.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात. हात राखेने धुतले तरी जेवणाला ग्रीसचा वास येत होता. खळ्यात तेल पडलं नव्हतं, म्हणून जेवण मिळालं.

जेवणानंतर ग्रीप. यात एक साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही. उजवी ग्रीप ॲक्सिलेटरच्या प्लास्टिकच्या नळीवर चढते, म्हणून तिचं आतलं भोक मोठं असतं. आम्ही अर्धा तास डावी ग्रीप उजवीकडे चढवायला बघत होतो. एवढ्या रेटारेटीत मास्तर विज्ञानाचे शिक्षक आहेत हे तेही विसरले. मग कपाटातून कोरोनाच्या काळातली सॅनिटायझरची बाटली निघाली. पातळ, स्प्रेचं. ग्रीपच्या आत मारलं की रबर सरर्कन चढतं आणि दहा मिनिटांत स्पिरिट उडून गेलं की घट्ट बसतं. ती बाटली कधी कामाला येईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

आता भाच्याची करणी निस्तरायची होती. मास्टर सिलेंडर बसवला आणि लिव्हर दाबली तर ती मुठीपर्यंत आली. स्पंजासारखी. आत हवा गेली होती. मास्तरांनी सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून भाच्याला दट्ट्या दाबायला लावला. हवा दबते, तेल दबत नाही. लाइनमध्ये बुडबुडा असेल तर आपण ब्रेक दाबतो तो बुडबुड्याला, चाकाला नाही. भाच्याला बोर्डाच्या परीक्षेत हे आलं होतं, पण म्हणाला, हाताला आज कळलं.

मिस्त्रीकडे ब्रेक ऑइलची अर्धी बाटली होती, झाकण कधीचं उघडलेलं. ती त्याने स्वतःच बाजूला ठेवली. डॉट ४ जातीचं हे ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या हवेत पाणी सोडून दुसरं असतं काय? ताज्या डॉट ४चा उकळबिंदू निदान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरलेल्याचा १५५वर आला तरी नियमात बसतो. लांब उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये (चाकाच्या डिस्कला चिमटा घेतो तो भाग) तेच पाणी उकळून वाफ झाली की पुन्हा बुडबुडे. भाचा स्कूटरवरून जामसंड्याला जाऊन सीलबंद बाटली घेऊन आला.

पुढच्या चाकाजवळ कॅलिपरवर एक निपल असतो. त्याला सलाइनची नळी लावली, दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवलं. मी लिव्हर दाबून धरायची, मिस्त्रीने निपल पाव आटा सैल करायचा, बुडबुडे बघायचे, निपल घट्ट करायचा, मगच मी लिव्हर सोडायची. "दाब." "धरलंय." "सोड." "सोडलंय." वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्यापासून. दीड तास. शेजारचे तात्या गडग्यापलीकडून बघत उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "गायीक दूध काढतासात तसा काय चल्ला हा?" साडेपाचच्या सुमाराला लिव्हर अर्ध्यावर दगडासारखी थांबली.

आई तुळशीपाशी दिवा लावायला बाहेर आली. तिने गाडी नव्या हँडलसकट पहिल्यांदा पूर्ण बघितली. "ह्या काय लायलंस रे झिला? रेड्याची शिंगा?"

गाडी चालू केली. एका किकमध्ये. भाच्याने टाळ्या वाजवल्या. मी बसलो, हात पुढे केले, आणि मुठी त्यांच्या जागी गेल्या. पाइप धरून डोळे मिटले होते तेव्हा होत्या तिथेच. मी चक्कर मारायला निघणार, तोच मिस्त्रीने चावीवर हात ठेवला. "आधी स्टँडवरच हँडल पुरा फिरव. उजवीकडे."

फिरवलं. ठीक.

"डावीकडे."

फिरवलं, आणि ॲक्सिलेटरला हात न लावता गाडी आपणहून ओरडायला लागली. जसजसं हँडल डावीकडे जाईल तसतशी रेस वाढत होती. मिस्त्रीने गाडी बंद केली. कोणी काही बोलेना.

हिशोब साधा आहे, पण दिसल्याशिवाय कळत नाही. हँडल डावीकडे वळलं की उजवी मूठ पुढे जाते, म्हणजे मागे असलेल्या कार्बोरेटरपासून लांब. केबल तेवढी लांब नसेल तर ती ताणली जाते, आणि ताणलेली केबल म्हणजे ओढलेला ॲक्सिलेटर. आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर यायला चढावर डावीकडे पूर्ण कापावं लागतं. तिथे गाडी आपणहून उसळली असती, आणि समोर काय आहे? तात्यांचा गडगा, जांभ्या दगडाचा.

आम्ही गृहीत धरलं होतं की आधीच्या मालकाने फक्त दांडा बदलला असेल. क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप खरंच मूळचे होते, जास्तीची लांबी हेडलाइटच्या मागे गुंडाळून बांधलेली, म्हणून त्या दोघांनी काही तक्रार केली नाही. ॲक्सिलेटरची केबल मात्र त्याने आखूड टाकली होती. काळोख पडला होता. मास्तरांनी सुतळी आणली, हँडल डावीकडे पुरतं वळवून मुठीपासून टाकीखालून कार्बोरेटरपर्यंत केबलच्या वाटेने ती नेली, गाठ मारली आणि खिशात ठेवली. आम्ही लांबी मोजली असती तर हँडल सरळ ठेवूनच मोजली असती.

दुसरा रविवार

याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आठवड्यात कणकवलीला जाऊन सुतळीशी माप लावून केबल घेतली. कंपनीच्या मूळ मापाची निघाली, फक्त वाट बदलावी लागली: चॅसीच्या पाइपाच्या दुसऱ्या बाजूने, मोठं वळण देऊन. केबलला काटकोनात वाकवलं की ती आत घासते आणि मूठ सोडली तरी रेस परत येत नाही. टाकी उचलणं, बसवणं, सगळं धरून दोन तास. क्लचची केबल रॉकेलने धुऊन, सुकवून, इंजिन ऑइल सोडून बसवली. खोबरेलाची बाटली आईने त्या दिवशी मुद्दाम न्हाणीतून आत नेऊन ठेवली.

पुन्हा स्टँडवर. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. इंजिनाचा आवाज एका लयीत, डग... डग... डग. दोन्ही टोकांना हँडल टाकीला किंवा वायरीला अडत नाही हे बघितलं. मूठ सोडली की टप्पकन परत येते हे बघितलं. मग बायकोच्या त्याच लाल नेलपॉलिशची एक एक रेघ चारही बोल्टांवर मारली, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी क्लॅम्पवर. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

पहिली चक्कर कुणकेश्वरला. मी आणि मिस्त्री माझ्या गाडीवर, मागे स्कूटरवर मास्तर आणि भाचा. तारामुंबरीचा पूल ओलांडून मिठमुंबरीच्या बाजूला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं आणि सुरूच्या झाडांमधून वारा आडवा येत होता. उंच हँडलला वारा जास्त लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी दांड्यावर ओणवा असायचो तेव्हा वारा पाठीवरून जायचा, आता थेट छातीवर. साठच्या पुढे मजा नाही. आमच्या रस्त्याला साठच्या पुढे जायचंय कोणाला, हा भाग वेगळा. बोटं मात्र जागी होती, दहाच्या दहा.

देवळासमोर चहा घेताना मिस्त्री खाली वाकून बोल्टांकडे बघत होता. एका मागच्या बोल्टाची रेघ केसभर सरकली होती. खिशातून पाना निघाला. (व्हर्नियर, पाना... त्या खिशात आणखी काय आहे ते मी विचारत नाही.) नवीन हँडल पहिल्या दिवशी बसतं तसं बसलेलं राहत नाही; दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा घट्ट केलं, त्यानंतर रेघा सरळ आहेत.

जुना दांडा पडवीच्या वाशाला टांगलाय. टाकून द्यायला जीव झाला नाही. दोन दिवसांत आईने त्यावर कांद्याच्या माळा अडकवल्या. परवा भाचा आला, त्याची नवीन गाडी यायची आहे, त्याला तोच हवा आहे. माझ्याकडे मागायची हिंमत नव्हती म्हणून आजीला विचारलं.

"कांदे सरले काय घेऊन जा," आई म्हणाली.